उंबऱ्याचा ठिपका

माझं नाव आनंदा चौगुले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा तंटा या नावाचाच आहे. एसटीच्या डेपोत मी पेंटर होतो. ‘हात बाहेर काढू नये’, ‘महिलांसाठी राखीव’, गावांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, सगळं माझ्या हातचं. आता बसच्या कपाळावर दिवे लागतात आणि गावाचं नाव आपोआप बदलतं, त्यामुळं माझ्यामागं त्या डेपोत पेंटर भरलाच नाही. माझं एकच अक्षरकाम जगात शाबूत राहिलं होतं, ते माझ्या बायकोच्या उजव्या हातावर. आणि गदा आली ती नेमकी त्याच्यावर.

मालन, म्हणजे माझी बायको, सकाळची भाकरी थापत होती. मी समोर पाटावर चहा घेऊन बसलो होतो. भाकरी फिरली की तिचा हात फिरतो आणि हाताबरोबर माझं नाव परातीभोवती फिरून येतं. लग्न झाल्यापासून मी हे बघत चहा पितोय.

“मला हे काढायचंय,” ती म्हणाली.

“काय, तवा?”

“तुमचं नाव.”

चहा नरड्यात अडकला म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मालननं माझ्या पाठीत दोन थापट्या मारल्या, पाठीला पीठ लावलं आणि पुढची भाकरी घेतली. तिच्या मनात एकदा आलं की आलं. आमच्यात भांडण नव्हतं, आदल्या रात्री आम्ही दोघांनी मिळून खरवस खाल्ला होता. मग हे काय मध्येच?

एक सांगायला पाहिजे. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. हळदीकुंकवाला कुणी आग्रह केला की बाकीच्या उखाणे जुळवायच्या. मालन काही बोलायची नाही, नुसता हात पुढं करायची. “लिहिलंय की, वाचा.” सगळ्या हसायच्या आणि मी बाहेर ओट्यावर बसून मिशीला पीळ द्यायचो. जन्मात तिनं मला नावानं हाक मारली नाही. अहो, अवं, इकडं बघा, शीतलचे बाबा, सगळं झालं. नाव मात्र हातावरच.

त्या वर्षी आमच्या भागात हात कोरे करायची लाट आली होती. लेसरनं गोंदण काढायचं तंत्र तसं जुनंच, पण आधीचं यंत्र आंधळं होतं. समोर काळं दिसलं की मारत सुटायचं. आता जे नवीन आलं होतं त्याला लोक ‘कानवालं मशीन’ म्हणत. ते आधी ऐकायचं, मग मारायचं, आणि कातडीला डागसुद्धा राहायचा नाही. मग काय विचारता. भरतीला निघालेली पोरं, प्रेमभंग झालेली पोरं, सगळी रांगेत. आमच्या गल्लीतला एक पुढारी निवडणुकीच्या आधी दंडावर चिन्ह काढून फिरला आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी मशीनखाली जाऊन झोपला. मग बायका जायला लागल्या. पेन्शनवाल्यांच्या कट्ट्यावर आम्ही म्हातारे बसायचो, तिथं जो तो घरी गेल्यावर आधी बायकोचा हात तपासून घ्यायला लागला. मी त्यांना हसत होतो. मला वाटायचं, आपलं काम पक्कं आहे.

“अगं पण का?” मी विचारलं.

“खाली आय हाय माझी,” मालन म्हणाली. “वरचं काढून खालचं ठेवत्यात म्हणं आता. टीव्हीवर दाखवलं. आयचा एक फोटो न्हाई आपल्याकडं. तिच्या हातचं एवढंच होतं, ते बी मीच झाकलं. आता डोळे मिटले तरी तिचा चेहरा येत न्हाई मला.”

मी कप विसळून पालथा घातला.

मालनची आई हौसाबाई गोंदणारीण होती. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, कसला तरी पाल्याचा रस, एवढ्या सामानावर ती जत्रा-जत्रा करायची. पोरीबाळींचे हात मांडीवर घेऊन गाणं म्हणत टोचायची. दागिना चोर नेतो, गोंदण सरणावर येतं, हे तिचं नेहमीचं बोलणं. मालनला तिनं दहाव्या वर्षी गोंदलं होतं. पुढं पोरीनं आपली सुई चालवावी अशी तिची इच्छा होती, तर पोरगी निघाली माझ्याबरोबर. पळूनच आली म्हणा. हौसाबाईनं मला एकदाच आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, “गाड्या रंगवणारा जावई मला नको. रंग उडतो.”

लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत आम्ही मुद्दाम तिला भेटायला गेलो. ती चिंचेखाली आपल्या जागेवर बसली होती. मालन पाया पडायला वाकली, तर तिनं पाय आखडून घेतले आणि तोंड फिरवलं. समोरच बॅटरीच्या मशीननं नावं काढणारा एक जण भोंगा लावून बसला होता. त्यानं हौसाबाईचं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं होतं. मालन रागानं तरातरा गेली ती त्याच्यापुढं जाऊन बसली. आईनं गोंदलेला हात पुढं केला आणि म्हणाली, “ह्याच्यावरच काढ. नवऱ्याचं नाव.”

त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. म्हणून मी खिशातलं बॉलपेन काढलं आणि तिच्या हातावर स्वतः आखून दिलं, आईच्या नक्षीच्या उलट्या बाजूनं, समोरच्याला वाचता येईल असं. आ, नं, दा. काने एका मापात, टिंब गोल, वरची रेघ दोरी लावल्यासारखी. आईच्या गोंदणाचे हिरवट ठिपके त्याच्याखाली पार बुडाले. हौसाबाई समोरून बघत होती. त्याच पावसाळ्यात ती गेली. निरोप आला तेव्हा मालनला पाचवा महिना होता.

तर असं ते नाव होतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत डॉक्टर नाझनीन मुल्लाणी यांचा दवाखाना होता. बाई तरुण, बोलायला मोकळ्या, आणि समोरच्याला समजेपर्यंत सांगायची हौस असलेल्या. मालनचा हात त्यांनी उजेडात धरला आणि आधी म्हणाल्या, “अक्षर कुणाचं? झकास आहे.”

मी नुसता खाकरलो.

“काका, गोंदण टिकतं कसं माहिती आहे? कातडीचा वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो. शाई त्याच्या खालच्या थरात असते. शरीराला वाटतं, ही घाण कुठून आली. मग राखणदार पेशी येतात आणि शाईचे कण गिळतात. पण त्यांना ते पचत नाहीत. तसेच पोटात धरून बसतात. ती पेशी मेली की कण सुटतात, लगेच शेजारची नवी पेशी ते गिळते. म्हणजे तुमचं नाव काकूंच्या हातात एका जागी पडून राहिलेलं नाही. इतकी वर्षं पेशी ते हातोहात सांभाळत आल्यात.”

हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी मालनकडं बघितलं, पण ती मशीनकडं बघत होती.

“मग ते काढता कसं?” मी विचारलं.

“तुम्ही बसचा जुना रंग कसा काढायचा?”

“ज्योत मारायची, मग खरवडायचं.”

“ज्योतीनं पत्रा पण तापायचा की नाही? कारण उष्णतेला पसरायला वेळ मिळतो. आम्ही तो वेळच देत नाही. सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातल्या थोड्याशा भागांपुरता प्रकाश सोडतो. गोरी कातडी असो सावळी असो, हा प्रकाश बराचसा तिच्यातून पार होतो. काळा कण मात्र तो पिऊन घेतो. एकदम तापतो, एकदम फुगतो आणि शेजाऱ्याला चटका बसायच्या आत तडकून त्याचा चुरा होतो. तेवढा चुरा शरीराला वाहून नेता येतो. फोडायचं काम मशीनचं, उचलायचं काम शरीराचं. म्हणून महिने लागतात.”

“आणि ऐकतं ते काय?” हे मालननं विचारलं.

“तीच तर खरी गंमत आहे, काकू. आधी अगदी हलका प्रकाश टाकायचा, कण फुटणार नाही इतका. कण केसभर फुगतो आणि आवाज करतो. आपल्याला नाही ऐकू येत, मशीनला येतो. बारीक कण चिरका वाजतो, जाड कण घोगरा. आवाज पोचायला किती वेळ लागला त्यावरून तो किती खोल बसलाय ते कळतं. मग हवा तेवढाच कण फोडता येतो. तुमच्या आईची काजळी जाड आणि खोल असणार. वरची शाई बारीक आणि उथळ. घोगरे ठेवायचे, चिरके फोडायचे.”

इतकं सोपं असतं तर ही गोष्टच झाली नसती. मशीननं मालनचा हात ऐकला. पडद्यावर वरची शाई तांबडी दिसणार होती आणि खालची निळी. दिसलं ते सगळं जांभळं गिचमिड. एका कोपऱ्यात मशीनच्या संगणकानं आपला अंदाज बांधून खालची नक्षी काढली होती, ठिपक्यांचा एक चौक. मालननं तो चौक बघितला आणि पदर तोंडाला लावला.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ खटपट केली. मग खुर्ची वळवून बसल्या. “त्या जत्रेतल्या माणसाची शाई कंपनीची नव्हती. त्यानं वाटीत काय काय कालवलं होतं देव जाणे. तिच्यातले कितीतरी कण काजळीइतकेच जाड आहेत, आणि त्यानं सुई पण नको तितकी खोल घातलीय. मशीनला दोघांचे आवाज वेगळे करता येत नाहीत. मी मारलं तर दोन्ही जायची भीती जास्त. आणि गेलं की गेलं, परत आणायला काही नाही. मी हे करणार नाही, काकू.”

“काहीच उपाय न्हाई?”

“एक आहे, पण तो आता कुठून मिळणार? तीच शाई, त्याच माणसानं त्याच वेळी काढलेली, खाली दुसरं काही नसलेल्या कातडीत मुरलेली. तशी एकटी सापडली तर मशीन तिचा आवाज शिकेल. फोनवर माणूस नाव न सांगता ओळखू येतो ना, तसं. पण इतक्या वर्षांनी असा माणूस शोधायचा कुठं?”

मालननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “असू दे,” म्हणाली, “चला, गाडी मिळंल.”

आता माझं ऐका. त्या जत्रेत, तिच्या हातावर माझं नाव उठलेलं बघून मला असं भरतं आलं होतं की मी पण शर्ट काढून त्याच्यापुढं बसलो. डाव्या खांद्याच्या मागं, पाठीकडच्या बाजूला. माझा हात तिथं पोचेना, म्हणून बॉलपेन मालननं घेतलं. चौथी शिकलेली, लिहायची सवय गेलेली. तिनं जीभ दातात धरून लिहिलं, ‘मालन’. ल पडलेला, न उभा राहू बघतोय, अशी तऱ्हा. त्याच वाटीतल्या शाईनं त्यानं ते गिरवलं.

बायकोनं नवऱ्याचं नाव गोंदलं तर ती रीत. नवऱ्यानं बायकोचं गोंदलं तर डेपोत त्याला रिटायर होईपर्यंत बाईलवेडा म्हणतील, हे मला घरी येता येताच उमगलं. तेव्हापासून मी उघडा झालो नाही. विहिरीवर पोहायला गेलो नाही, सगळे उघडे बसले तरी मी गंजीफ्रॉकात. शीतलच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या लग्नात बायका हळद लावायला आल्या तर ती मी गंजीफ्रॉकावरच लावून घेतली. दोघांनाच माहीत. आणि मालननं ते त्या डॉक्टरीणबाईपुढं सांगितलं नाही. माझी लाज तिनं तिथंही झाकून घेतली.

गाडीत ती खिडकीशी बसली. हातावर पदर ओढून घेतला होता. रुसली असती, चिडली असती तर मी पण चार शब्द सुनावले असते आणि हिशोब बरोबर झाला असता. ती तसलं काही करेना. मी समोरच्या दिव्याच्या पाटीवर गावांची नावं येताना-जाताना बघत होतो आणि मनात म्हणत होतो, मुकाट बस आनंदा. तू शर्ट काढला नाहीस तर तुझं नाव जागेवर राहतंय. कुणी तुला काही म्हणणार नाही. एवढं एकच अक्षरकाम राहिलंय तुझं. ते स्वतःच्या हातानं पुसायला देणारा गाढव कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापायला बसली ती लांब बाह्यांचं पोलकं घालून. उकाडा असा की नुसतं बसलं तरी घाम येत होता. बाही मनगटापर्यंत. परातीभोवती हात फिरत होता आणि दिसत काहीच नव्हतं.

“बाही वर कर की. पीठ लागतंय,” मी म्हणालो.

“नगं. बघवत न्हाई मला,” ती म्हणाली. “तुमच्या नावावर राग न्हाई माझा. पण आता खाली आय दिसती सारखी. पडद्यावर बघितल्यापास्नं.”

मी चहा तसाच ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी माझं नाव कसं दिसतं तेच मला आठवेना. मला फक्त दिसत होती, पाया पडायला वाकलेली वीस वर्षांची पोरगी आणि आखडून घेतलेले पाय.

“ऊठ. गाडी चुकेल,” मी म्हणालो.

“कुठली?”

“कोल्हापूरची. मुल्लाणीबाईंकडं जायचंय.”

“कशाला आता?”

“शर्ट काढायला.”

मालननं पिठाचा हात तसाच डोळ्यांना लावला. मग तिचं तोंड बघून मला हसू आलं आणि मला हसताना बघून तिला.

दवाखान्यात मी पडद्याआड जाऊन गंजीफ्रॉकसुद्धा काढला आणि पाठमोरा उभा राहिलो. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “काका, हे काल का नाही सांगितलं?”

“काल मी मनानं अजून डेपोतच होतो,” मी म्हणालो. बाईंना ते कळलं नाही, पण मालनला कळलं.

मशीननं माझा खांदा ऐकला. पडद्यावर स्वच्छ तांबडं ‘मालन’ उमटलं, पडलेल्या ल सकट. बाई खुर्चीतून उठल्याच. “हाच आवाज,” म्हणाल्या. पण लगेच पुन्हा बसल्या. “एक आहे, काका. नुसतं ऐकून भागत नाही. ही शाई नेमकी कशानं फुटते ते फोडूनच बघावं लागेल. एकेक अक्षर वेगळ्या मापानं. म्हणजे हे नाव सगळं जाणार.”

“राहू दे मग,” मालन पटकन म्हणाली. “ते माझं अक्षर हाय.”

बघा आता. काल माझं नाव काढायला निघालेली बाई, आज स्वतःचं जायची वेळ आली तर नको म्हणते. “का गं,” मी म्हणालो, “आता कळलं का कसं वाटतं ते?”

“वाईट दिसतंय ते अक्षर. पण हाय माझं.”

“त्या ल वर मी सगळा जन्म जीव टाकलाय, तू मला सांगू नकोस. डॉक्टर, फोडा.”

लेसर लागतो तो कसा, तर भजी तळताना तेलाचे शिंतोडे उडावेत तसा. चटचट चटचट. अक्षरावर पांढरा फेस आल्यासारखं होतं आणि थोड्या वेळानं बसून जातं. मालननं माझा हात धरून ठेवला होता. लागतंय का म्हणून तिनं विचारलं, मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

माझा खांदा कोरा व्हायला दोन-तीन महिने लागले आणि तेवढ्यात मशीन त्या जत्रेतल्या शाईत चांगलं तयार झालं. मग मालनचा हात त्याच्याखाली गेला. आता पडद्यावर तांबडं वेगळं आणि निळं वेगळं दिसत होतं. कितीही जाड असला तरी वाटीतला कण आता मशीनला आवाजावरून ओळखू येत होता, आणि काजळीचा कण आला की ते मुकाट पुढं सरकत होतं. निळ्याला धक्का नाही. डॉक्टरबाई दर खेपेला आम्हाला पडदा दाखवायच्या आणि मालन प्रत्येक वेळी तो पहिल्यांदा बघितल्यासारखा बघायची.

“तो चुरा जातो कुठं?” मी एकदा विचारलं.

“थोडा बाहेर पडतो. पण बराचसा काखेतल्या गाठींत जाऊन बसतो आणि तिथंच राहतो. कायमचा.”

“म्हणजे माझं नाव तिच्या काखेत?”

“आणि काकूंचं तुमच्या. वाचता येणार नाही, पण आहे.”

मालन एवढी हसली की मशीन थांबवावं लागलं.

माझं नाव फिकं होताना मी रोज चहाच्या वेळी बघितलं. आधी आ ची मान गेली, मग वरची रेघ ठिकठिकाणी सुटली. दा शेवटपर्यंत चिवटपणे टिकून होता. आणि त्याच्यामागून हळूहळू हिरवट ठिपके वर यायला लागले. जुन्या गाडीचा रंग खरवडताना खालचा पहिला रंग दिसतो तेव्हा पेंटरचे हात आपोआप हळू होतात. तसं माझं बघणं झालं होतं. मला ते ठिपके आवडायला लागले होते, सासूचे असले तरी. एकाही ठिपक्याचं माप चुकलेलं नव्हतं.

कट्ट्यावर बातमी गेलीच. “काय आनंदा, नाव पुसलं म्हणं वहिनींनी?”

“तिनं कशाला? मी पुसून घेतलं,” मी म्हणालो. “आणि तिचं पण होतं माझ्या खांद्यावर, ते पण देऊन टाकलं.” एवढं म्हणून मी शर्टाची बटणं सोडली आणि सगळ्यांसमोर उघडा होऊन वाऱ्याला बसलो. कुणी बाईलवेडा म्हणालं नाही. म्हणाले असते तरी चाललं असतं. जन्मात पहिल्यांदा पाठीला वारा लागला.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी खिडकीचा पडदा सारला आणि मालनचा हात उन्हात धरला. माझं नाव कुठंच नव्हतं. तिथं ठिपक्यांचा एक चौकोनी चौक होता, मध्ये तुळस, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन पाखरं. मालननं त्याच्यावरून बोट फिरवलं. बोट पाखरापाशी थांबलं.

“इथं मी रडले होते,” ती म्हणाली. “आयनं गाणं बदललं मग.” आणि तिला सगळं आठवलं. आईच्या नाकातली चमकी, वरच्या दातातली फट, मान डाव्या बाजूला कलती करायची सवय. ती बोलत सुटली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. “दिसली,” ती मध्येच म्हणाली, “दिसली मला आय.”

मी उठून खिडकीत जाऊन उभा राहिलो. मला पण काहीतरी होत होतं.

इकडं डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. त्या एकदा पडद्याकडं आणि एकदा हाताकडं बघत होत्या. “काकू, मला माफ करा. एक ठिपका गेला माझ्याकडून. हा बघा, खालच्या ओळीत बरोबर मधला. मशीननं पहिल्या दिवशी काढलेल्या नक्षीत तो आहे, आणि हातावर नाही. बाकी एकही गेला नाही, हाच कसा गेला कळत नाही.”

मालननं हात जवळ घेऊन बघितलं. “गेला न्हाई तो,” ती म्हणाली. “तो कधी टाकलाच न्हवता. तुमच्या मशीननं आपल्या मनानं भरला असंल.”

“टाकला नव्हता म्हणजे?”

“तो उंबऱ्याचा ठिपका. आय कुठल्याच पोरीचा चौक पुरा करायची न्हाई. तेवढी जागा उघडी ठेवायची. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की मग तो टाकायचा. मला म्हणाली होती, ये मग, टाकीन.” तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “मी गेलेच न्हाई. जायला ती राह्यलीच न्हाई.”

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. म्हणजे हौसाबाईनं पाय आखडले, तोंड फिरवलं, मला नावं ठेवली, पण लेकीच्या हातावरचं दार तिनं उघडंच ठेवलं होतं. आणि नेमकं त्या दारावर माझ्या नं चं टिंब बसलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी टाकून देऊ का? असाच रंग, असंच माप, मशीननं हुबेहूब करता येईल.”

“मशीन नगं,” मालन म्हणाली. “तीन सुया द्या.”

पुढचा प्रसंग बघण्यासारखा होता. बाई सुया उकळून घेतल्याशिवाय ऐकेनात, हातमोजे घातल्याशिवाय ऐकेनात. काजळी धरायला पणती लावली तर छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. शेवटी सगळं जमलं. मालननं सुया दोऱ्यानं बांधल्या, लहानपणी आईला बांधून द्यायची तशाच, आणि माझ्या हातात दिल्या.

“मी?” मी म्हणालो. “अगं, हे तुझ्या आईचं काम. शीतलला बोलव. नाहीतर तूच टाक.”

“सवताचा सवताला टाकायचा नसतो. आणि टाकायचा तो माहेरच्या माणसानं. आयबापाचं घर सोडल्यावर मला माहेर कुठलं होतं? शीतलच्या वेळी रात्रभर दवाखान्याच्या दारात कोण बसलं होतं? मला डिंकाचे लाडू कुणी करून घातले, करपलेले?”

“करपलेले नव्हते.”

“करपलेले होते.”

मी तिचा हात मांडीवर घेतला. जन्मभर ब्रश धरला, बसच्या उंचीची अक्षरं काढली, पण त्या तीन सुया कशा धरायच्या तेच मला कळेना. जागा एवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. सासूनं बाकीचे ठिपके असे टाकलेले की एक चुकला तर लगेच नजरेत यावा. रंग उडतो, ती म्हणाली होती. खरंच होतं तिचं, माझा उडाला. हा मात्र उडणार नव्हता, आणि म्हणूनच मला धीर होईना. मी सुया टेकवायचो आणि उचलायचो. डॉक्टरबाई दिवा जवळ धरून बघत होत्या.

“अवं, टाका की,” मालन म्हणाली.

“थांब जरा.”

“शीतलचे बाबा.”

“अगं टाकतो. माप घेऊ दे.”

मालननं आपला हात बघितला. सवयीनं तिनं तो पुढं केला असता, पण वाचायला आता तिथं काही नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मान जराशी डावीकडं कलती करून.

“आनंदा,” ती म्हणाली, “टाक.”

मी टाकला.